वाट काश्मीरवरून गेली: मॅडलिन ऑलब्राइट यांचे प्रकरण

११ नोव्हेंबर १९४८ रोजी 'एसएस अमेरिका' हे प्रवासी जहाज न्यूयॉर्कला लागले आणि त्यातून आना कोर्बेल ही चेक बाई तीन मुलांना घेऊन उतरली. थोरली मुलगी अकरा वर्षांची. नवरा बरोबर नव्हता. तो संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगावर होता आणि आयोगाचा विषय होता काश्मीर.

ती थोरली मुलगी म्हणजे मॅडलिन ऑलब्राइट. २३ जानेवारी १९९७ रोजी तिने अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या पदावर तोवर ६३ जण येऊन गेले होते, सगळे पुरुष. 'निर्वासिताची पोर परराष्ट्रमंत्री झाली' असे हे प्रकरण एका दमात सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याला बरे वाटते. पण निर्वासित लाखोंनी असतात आणि बहुतेकांच्या वाट्याला असे काही येत नाही. म्हणून या बाई कर्तबगार होत्या की नाही यापेक्षा (त्या होत्याच) त्यांना कोणता दरवाजा उघडा मिळाला, कोणी हात दिला आणि निर्वासितपणाने त्यांच्या निर्णयांचे नेमके काय केले, हे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

दोनदा मोडलेले घर

जन्म १५ मे १९३७, प्राग. कागदावरचे नाव मारी याना. वडील योसेफ कोर्बेल चेकोस्लोव्हाकियाच्या परराष्ट्र खात्यात, बेलग्रेडच्या वकिलातीत माध्यमांचे काम पाहायचे. १५ मार्च १९३९ रोजी हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. पुढचे दहा दिवस नवराबायको कधी या मित्राकडे, कधी त्या मित्राकडे राहिले, पारपत्रांवर शिक्के मिळवले आणि पावणेदोन वर्षांच्या मुलीला घेऊन रात्रीच्या गाडीने निघाले. बेलग्रेड, ग्रीस, मग लंडन.

लंडनवर बॉम्ब पडत होते. पुढे कुटुंब शहराबाहेर वॉल्टन-ऑन-थेम्सला गेले, तिथे घरात एक पोलादी टेबल होते. बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठी ब्रिटिश सरकारने अशी टेबले घरोघर दिली होती. त्यावर जेवायचे, भोंगा झाला की त्याखाली झोपायचे, एरवी मुलांनी त्याभोवती खेळायचे. त्याच काळात निर्वासित मुलांवरच्या एका माहितीपटात तिने काम केले. मोबदला म्हणून गुलाबी रंगाचा एक कापडी ससा मिळाला.

युद्ध संपले, कुटुंब परतले आणि वडील युगोस्लाव्हियात राजदूत झाले. बेलग्रेडच्या विमानतळावर राष्ट्रीय पोशाख घालून पाहुण्यांना फुले द्यायचे काम या मुलीकडे. त्यावर पुढे त्या गमतीने म्हणायच्या की तेव्हा आपला तोच पोटापाण्याचा धंदा होता. वडिलांना मुलीने कम्युनिस्ट शाळेत शिकायला नको होते, म्हणून दहाव्या वर्षी तिला स्वित्झर्लंडच्या निवासी शाळेत धाडले. तिथे फ्रेंच आली आणि 'मॅडलिन' हे नावही. म्हणजे चेक, सर्बियन, इंग्रजी, फ्रेंच अशा चार भाषा अकराव्या वर्षाच्या आत. सामान्य निर्वासित मुलाच्या गाठोड्यात हे नसते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री यान मासारिक आपल्या सरकारी निवासस्थानाच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली, अंगणात मृतावस्थेत सापडले. कोर्बेल त्यांच्याच माणसांपैकी. आता घर दुसऱ्यांदा मोडणार हे उघड होते.

काश्मीरचे काम

या प्रकरणातला हा भाग आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची कळ इथेच आहे.

१ जानेवारी १९४८ रोजी भारताने काश्मीरचा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. परिषदेने आयोग नेमला. त्यात एक सदस्य-देश भारताने सुचवायचा, एक पाकिस्तानने, असे ठरले. पाकिस्तानने अर्जेंटिनाचे नाव दिले, भारताने चेकोस्लोव्हाकियाचे. चेकोस्लोव्हाकियातर्फे आले योसेफ कोर्बेल. बेल्जियम, कोलंबिया आणि अमेरिका हे उरलेले तिघे. जुलै १९४८ मध्ये आयोग कराचीला उतरला, मग दिल्ली. १३ ऑगस्ट १९४८ चा ठराव, ज्यात आधी शस्त्रसंधी, मग सैन्य मागे घेणे आणि त्यानंतर सार्वमत हा क्रम होता आणि ज्याचा हवाला दोन्ही देश आजतागायत आपापल्या सोयीने देतात, तो याच आयोगाचा. कोर्बेल काही काळ त्याचे अध्यक्ष होते.

आता हे घराच्या बाजूने पाहा. प्रागमध्ये नव्या राजवटीला नको असलेला हा अधिकारी संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी म्हणून देशाबाहेर राहू शकला. कुटुंब लंडनला थांबले आणि संयुक्त राष्ट्रांच्या कामावरच्या अधिकाऱ्याचे कुटुंब म्हणून अमेरिकेत रीतसर आले. ना छावणी, ना रांग, ना वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. डिसेंबरात वडील येऊन मिळाले. पुढे प्राग सरकारने त्यांना आयोगावरून काढले आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांनी राजकीय आश्रयासाठी अर्ज केला. परत गेलो तर अटक होईल, हे कारण. त्याच वर्षी आश्रय मिळाला. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने डेन्व्हर विद्यापीठात नोकरीही मिळाली.

भारताने त्या आयोगासाठी दुसऱ्या कुठल्या देशाचे नाव घेतले असते, तर कोर्बेल कुटुंब कदाचित दुसऱ्या वाटेने सुटले असते; कदाचित सुटले नसते. १९५४ मध्ये कोर्बेलनी काश्मीरवर पुस्तक लिहिले. ते दिल्लीला आवडण्यासारखे नव्हते, नेहरूंवर त्यात बरीच टीका होती.

पहिली सरकारी नोकरी एकोणचाळिसाव्या वर्षी

डेन्व्हरमधल्या शाळेत मॅडलिनने आंतरराष्ट्रीय घडामोडींचे मंडळ काढले आणि स्वतःच अध्यक्ष झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांची नावे वर्णक्रमाने घडाघडा म्हणून एक स्पर्धाही जिंकली. घरात जेवताना विषय परराष्ट्र धोरणाचाच असायचा. वेलस्ली या मुलींच्या नामांकित कॉलेजात शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, १९५७ मध्ये नागरिकत्व आले, १९५९ मध्ये पदवी आणि पदवीनंतर तीन दिवसांनी लग्न. नवरा जोसेफ ऑलब्राइट अमेरिकेतल्या एका बड्या वृत्तपत्रमालक घराण्यातला.

इथे गोष्ट थबकते. तिला पत्रकार व्हायचे होते. नवरा शिकागोच्या एका दैनिकात होता, तिथल्या संपादकाने जेवताना तिला समजावले की नवऱ्याच्या पेपरात तुला घेता येणार नाही आणि दुसऱ्या पेपरात तू जाणे बरे दिसणार नाही, तेव्हा दुसरे काहीतरी बघ. तिने मुकाट्याने बघितले. १९६१ मध्ये जुळ्या मुली सहा आठवडे आधी जन्मल्या. त्या काचेच्या पेटीत असताना हिने रशियन भाषेचा वर्ग लावला. मग कोलंबिया विद्यापीठ, पहाटे साडेचारला उठून प्रबंध, तिसरी मुलगी, नवऱ्याच्या बदलीबरोबर गावे बदलणे. प्रबंधाचा विषय होता १९६८ च्या 'प्राग वसंतात', म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या मोकळिकीच्या त्या थोड्या महिन्यांत, तिथल्या पत्रकारांनी केलेले काम. पत्रकार होता आले नाही, तर पत्रकारांवर डॉक्टरेट!

त्या पहाटे उठणाऱ्या बाईचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण मुलींना सांभाळायला माणसे ठेवण्याइतका पैसा घरात होता, हेही त्याच दमात सांगायला हवे. वॉशिंग्टनमधली पहिली ओळखही मुलीच्या शाळेच्या समितीतून आणि निधी गोळा करण्याच्या कामातून आली. सिनेटर एडमंड मस्की १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते, त्यांच्यासाठीच्या मेजवानीची व्यवस्था ऑलब्राइटबाईंकडे. ऐन कार्यक्रमात कोणी न मागवलेल्या पिझ्झांचे ढीग, फुले, दारूच्या बाटल्या दारात येऊन थडकल्या आणि पोचवणारे पैसे मागत उभे राहिले. निक्सन यांच्या माणसांची ही करामत होती, हे नंतर उघड झाले. बाईंनी ती रात्र निभावली आणि मस्कींच्या लक्षात राहिल्या. १९७६ मध्ये मस्कींनी त्यांना कायदेविषयक मुख्य सहायक म्हणून घेतले. वय ३९.

१९७८ मध्ये त्या व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेवर गेल्या. तिथे बोलावणारे झ्बिग्निएव ब्रेझिन्स्की हे कोलंबियातले त्यांचे गुरू, मूळचे पोलंडचे, तेही मुत्सद्द्याचे चिरंजीव आणि त्यांचाही देश आधी हिटलरने, मग स्टालिनने गिळलेला. पूर्व युरोपातून आलेल्या या मंडळींनी शीतयुद्धातल्या वॉशिंग्टनमध्ये आपली एक जागा करून ठेवली होती. अमेरिकेला तेव्हा त्या मुलखाची जाण असलेली माणसे हवी होती. योग्य देशातून पळून येणे हेही एक भांडवल असते, असे म्हटले तर क्रूर वाटेल, पण ते खरे आहे. त्याच दशकांत ग्वाटेमालातून किंवा हैतीतून पळालेल्या माणसाच्या अनुभवाला वॉशिंग्टनमध्ये गिऱ्हाईक नव्हते.

१९८२ च्या जानेवारीत नवऱ्याने एका सकाळी सांगितले की मी जातो आहे. घटस्फोट झाला. बाईंनी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवायला घेतले आणि घरी जेवणावळी सुरू केल्या. विरोधी बाकांवर बसलेल्या डेमोक्रॅट पक्षाची परराष्ट्र धोरणाची चर्चा पुढची दहा वर्षे बऱ्याच अंशी याच जेवणाच्या टेबलाभोवती होत राहिली. अर्कान्सासचे गव्हर्नर बिल क्लिंटन यांची ओळख १९८८ च्या प्रचारातली.

म्युनिकचा चष्मा

क्लिंटन निवडून आल्यावर १९९३ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांत राजदूत झाल्या. सुरक्षा परिषदेच्या पंधरा खुर्च्यांत बाई एकटीच.

त्यांच्या पिढीतले बहुतेक अमेरिकन व्हिएतनामने पोळले होते. सैन्य पाठवायचे म्हटले की त्यांच्या पोटात गोळा यायचा. बाई मात्र उघड सांगायच्या की माझे मन म्युनिकने घडले आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला दिला, आणि सहा महिन्यांनी कोर्बेलांना पळावे लागले. बलाढ्यांनी वेळीच दंड थोपटले असते तर माझे घर मोडले नसते, हा त्यांचा धडा. एवढे उत्तम सैन्य बाळगून वापरायचेच नसेल तर त्याचा उपयोग काय, असे त्यांनी संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष कॉलिन पॉवेल यांना विचारले. आपल्या डोक्याची शीर तुटते की काय असे वाटले, असे पॉवेल यांनी पुढे लिहून ठेवले.

हा चष्मा बोस्नियात नीट लागला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात सर्ब सैन्याने सात हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. १० ऑगस्टला बाईंनी परिषदेच्या बंद दाराआडच्या बैठकीत हवाई छायाचित्रे मांडली. एका चित्रात मैदानावर माणसांची गर्दी, नंतरच्या चित्रात जवळच्या शेतात ताजी उकरलेली माती. त्यानंतर कोणाला 'माहीत नव्हते' म्हणायची सोय उरली नाही.

रवांडात मात्र हा चष्मा डोळ्यांवर असूनही काही झाले नाही. एप्रिल १९९४ मध्ये तिथे कत्तल सुरू असताना वॉशिंग्टनचा आदेश होता की शांतिसेना काढून घ्या. बाई सभागृहाबाहेरच्या फोनवरून आपल्याच सरकारच्या अधिकाऱ्यांवर ओरडल्या. आदेश थोडासा सैल झाला. २१ एप्रिलला परिषदेने सुमारे अडीच हजारांची सेना २७० वर आणण्याचा ठराव केला आणि त्याच्या बाजूने अमेरिकेचा हात बाईंनीच वर केला. साधारण आठ लाख माणसे मेली. आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी खंत म्हणून त्या पुढे याचाच उल्लेख करायच्या. पदावर बसलेल्या निर्वासिताला हा अनुभव टळत नाही. खुर्ची सरकारची असते आणि मतही सरकारचेच द्यावे लागते, किंवा मग राजीनामा. त्यांनी राजीनामा दिला नाही.

आणि इराक. मे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांना विचारले गेले की निर्बंधांमुळे पाच लाख मुले दगावली म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? बाईंनी उत्तर दिले की निवड अवघड आहे, पण किंमत योग्य आहे असे आम्हाला वाटते. तो पाच लाखांचा आकडा पुढे टिकला नाही, आणि आपण तसे बोलायला नको होते हे त्यांनी स्वतः कबूल केले. पण बोस्नियातल्या मैदानावरची माणसे ज्या डोळ्यांना दिसली त्यांना बगदादच्या इस्पितळातली दिसली नाहीत, हे मला आजही खटकते. म्युनिकच्या गोष्टीत हिटलर असतो आणि त्याला अडवणारे असतात. अडवण्याच्या उपायानेच मरणाऱ्यांसाठी त्या गोष्टीत जागा नाही.

पदावर

१९९६ च्या शेवटी परराष्ट्रमंत्रिपदाची नावे चर्चेत आली तेव्हा व्हाइट हाउसमधल्या कोणीतरी पत्रकारांना सांगितले की ऑलब्राइट यादीत आहेत, पण दुसऱ्या फळीत. महिला संघटना खवळल्या. अरब देश बाईशी बोलणी करणार नाहीत, अशीही आवई उठली. संयुक्त राष्ट्रांतल्या अरब राजदूतांनीच ती खोडून काढली. हिलरी क्लिंटन यांनी नवऱ्याकडे शब्द टाकला. सिनेटमध्ये मते पडली ९९ विरुद्ध ०.

त्या ९९ मध्ये कट्टर उजवे जेसी हेल्म्सही आले. परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, संयुक्त राष्ट्रांच्या नावाने बोटे मोडणारे. बाई त्यांच्या गावी जाऊन आल्या, 'परराष्ट्र खात्यात माझ्यावर कोणीतरी प्रेम करते' असे छापलेला टीशर्ट त्यांना भेट दिला. एप्रिल १९९७ मध्ये रासायनिक अस्त्रबंदीचा करार मंजूर झाला. हेल्म्सनी विरोधातच मत दिले, पण करार अडवून धरला नाही. ही हातोटी निर्वासितपणातून आलेली नव्हती, मस्कींच्या कचेरीतून आली होती.

१२ मार्च १९९९ रोजी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या ग्रंथालयात चेक प्रजासत्ताक, पोलंड आणि हंगेरी यांनी नाटो प्रवेशाची कागदपत्रे बाईंच्या हाती दिली. बारा दिवसांनी कोसोवोसाठी, म्हणजे अल्बेनियन बहुसंख्य असलेल्या सर्बियाच्या प्रांतासाठी, सर्बियावर नाटोची विमाने सुटली, सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय. टाइम साप्ताहिकाने ते 'मॅडलिनचे युद्ध' ठरवले. सर्ब फौजांनी आठ लाखांहून अधिक कोसोवो-अल्बेनियन घरांतून हाकलले. ७८ दिवसांनी सर्बिया नमला आणि बहुतेक जण परतले. बॉम्बहल्ल्यांत सुमारे पाचशे नागरिक मेल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने मोजले. त्यानंतर कोसोवोतल्या सर्बांवर बोजाबिस्तरा आवळण्याची पाळी आली. बाईंचे बालपण ज्या बेलग्रेडमध्ये गेले, तिथे त्यांचे नाव आजही शिवीसारखे घेतले जाते.

भारताशी गाठ मे १९९८ मध्ये पडली. पोखरणला भारताच्या अणुचाचण्या, मग चगाईला पाकिस्तानच्या. ४ जूनला जिनिव्हात पाच बड्यांचे परराष्ट्रमंत्री बसले, ६ जूनला सुरक्षा परिषदेचा ठराव ११७२ आला आणि त्यात तणावाच्या मुळांपैकी एक म्हणून काश्मीरचे नाव होते. दिल्ली संतापली. कोर्बेलांच्या पुस्तकाची आठवण निघणे साहजिकच होते. पण लेक बापाचे भांडण पुढे नेत होती, या तर्कात मला दम वाटत नाही. त्याच खात्यातले उपमंत्री स्ट्रोब टालबट यांनी जसवंत सिंह यांच्याशी दीर्घ बोलणी केली आणि मार्च २००० मध्ये क्लिंटन भारतात आले.

आजी-आजोबांची नावे

शपथेला दोन आठवडेही झाले नव्हते तोच वॉशिंग्टन पोस्टने छापले की बाईंचे कुटुंब मुळात ज्यू होते. आई-वडिलांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्म घेतला आणि मुलांना जुने काही सांगितलेच नाही. आजी-आजोबा 'युद्धात वारले' एवढेच माहीत. चौघांपैकी तिघे नाझींच्या बंदिवासात संपले होते. आजोबा आर्नोश्ट कोर्बेल टेरेझिनच्या छावणीत, आजी ओल्गा आउशवित्झमध्ये. नातलग धरून दोन डझनांहून जास्त.

एवढ्या हुशार बाईला ५९ व्या वर्षापर्यंत कळले नाही, यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. मला तो अविश्वास उतावळा वाटतो. आडनावाच्या स्पेलिंगमधले दोन ठिपकेसुद्धा बापाने गाळून टाकले होते. ज्यांनी दोनदा पळून जीव वाचवला त्यांनी मुलांच्या पाठीवरचे ओझे कमी केले, आणि मुले विचारत नाहीत. बाई १९९६ मध्ये हिलरींबरोबर प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये गेल्या होत्या. भिंतींवर मारल्या गेलेल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावे आहेत. त्यांत आपलीही असतील हे तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हते. १९९७ च्या जुलैत त्या परत गेल्या आणि नावे शोधली.

वाट कुठे संपते

परराष्ट्रमंत्री हे पद अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसक्रमात चौथे. ऑलब्राइट मात्र त्या क्रमातून बाद होत्या, कारण राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो. जर्मनीत जन्मलेले आधीचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचेही तसेच. आपल्या राज्यघटनेत अशी अट नाही, नागरिक असणे पुरते. तरी मे १९९९ मध्ये, कोसोवोवर बॉम्ब पडत असताना, आपल्याकडे शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढला आणि राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली. ऑक्टोबरात दोन्ही काँग्रेसचे सरकार मुंबईत आले, ही आपली खास मऱ्हाटी तऱ्हा. अमेरिकेने जे घटनेत लिहून ठेवले ते आपण राजकारणात अधूनमधून आजमावतो, एवढाच फरक.

४ जुलै २००० रोजी जेफर्सन यांच्या माँटिसेलो येथील घरी बाईंनी नव्या नागरिकांना प्रमाणपत्रे वाटली. एक जण बाजूला कोणाला तरी सांगत होता, मी निर्वासित आणि मला परराष्ट्रमंत्र्यांच्या हातून कागद मिळाला! बाई त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, अहो, निर्वासितच परराष्ट्रमंत्री आहे. हा किस्सा त्या मरेपर्यंत सांगत राहिल्या. २३ मार्च २०२२ रोजी, ८४ व्या वर्षी त्या वारल्या.

त्या आधीच्या पाच वर्षांत अमेरिकेने निर्वासितांची वार्षिक मर्यादा ४५ हजार, ३० हजार, १८ हजार अशी उतरवत १५ हजारांवर आणली होती. पुढच्या सरकारने ती पुन्हा वाढवली. या काळात दुसरे एक नाव गाजत होते. इल्हान ओमर १९८२ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत जन्मल्या, यादवीतून पळून केनियातल्या छावणीत चार वर्षे राहिल्या आणि १९९५ मध्ये अमेरिकेत आल्या. मुत्सद्दी बाप नाही, स्विस शाळा नाही, रॉकफेलर नाही, आणि ज्या देशातून आल्या त्याची जाण वॉशिंग्टनला हवी होती असेही नाही. २०१८ मध्ये त्या मिनेसोटातून संसदेवर निवडून आल्या, तेही मतपेटीतून. ऑलब्राइट आयुष्यात एकदाही निवडणुकीला उभ्या राहिल्या नव्हत्या. जुलै २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सभेत जमाव ओमर यांच्या नावाने 'तिला परत पाठवा' असे ओरडला. सिनेटने ९९ विरुद्ध ० मतांनी निवडलेल्या चेक बाईला कोणी परत जा म्हटल्याची नोंद मला कुठे सापडत नाही.